कारो-कान बचाव शिकण्यासाठी लिचेस : ओपनिंग एक्सप्लोरर आणि स्टडी यांचे परीक्षण

लिचेस हे संकेतस्थळ बुद्धिबळ खेळणाऱ्या बहुतेकांना डाव खेळण्याची जागा म्हणून माहीत आहे. त्याच संकेतस्थळावरील ओपनिंग एक्सप्लोरर (एखाद्या स्थितीत आजवर खेळलेल्या चालींची आकडेवारी) आणि स्टडी (चाली व टिपा लिहून ठेवण्याची वही) ही दोन साधने एखादा बचाव मुळापासून शिकण्यासाठी किती उपयोगी आहेत, याची चर्चा मात्र मराठीत फारशी होताना दिसत नाही. काळ्या मोहऱ्यांनी १. ई४ ला, म्हणजे पांढऱ्याने राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकण्याला, कारो-कान बचावाने उत्तर द्यायचे ठरवून, त्याचे मुख्य प्रकार याच दोन साधनांच्या आधारे शिकत मी दीर्घकाळ त्यांचा वापर केला आहे. माझे मत आरंभीच सांगतो : कोणता प्रकार आधी शिकावा आणि कोणता नंतर, हे ठरवण्यासाठी एक्सप्लोररइतके चांगले साधन माझ्या पाहण्यात नाही, पण एखादी चाल का करायची हे तो सांगत नाही, आणि ते काम स्टडीत शिकणाऱ्याला स्वतःच्या हाताने करावे लागते.

लिचेसची सुरुवात २०१० मध्ये थिबो द्युप्लेसी या फ्रेंच संगणक-आज्ञावलीकाराने केली. फ्रान्समध्ये नोंदलेली एक ना-नफा संस्था ते देणग्यांवर चालवते, त्यावर जाहिराती नाहीत, पैसे भरून उघडणारा कोणताही विभाग नाही, आणि त्याची संपूर्ण आज्ञावली सर्वांसाठी खुली आहे. या परीक्षणात लिचेसवरील ज्या ज्या सोयींचा उल्लेख येईल त्या सर्व पूर्णतः मोफत आहेत. बुद्धिबळाचे शिकवणीशुल्क, स्पर्धांचे प्रवेशशुल्क आणि प्रवासखर्च भागवताना ज्या पालकांची ओढाताण होते, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

एक्सप्लोरर उघडण्यासाठी विश्लेषणाच्या पटाखालील पुस्तकाच्या चिन्हावर टिचकी मारावी लागते. त्यानंतर पटावर जी स्थिती असेल त्या स्थितीत आजवर कोणकोणत्या चाली खेळल्या गेल्या, प्रत्येक चाल किती डावांत आली आणि त्या डावांत पांढरा किती वेळा जिंकला, बरोबरी किती वेळा झाली आणि काळा किती वेळा जिंकला, हे तीन रंगांच्या पट्टीने समोर येते. त्यात तीन विभाग आहेत. मास्टर्स या विभागात फिडे (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ) मानांकन २२०० किंवा त्याहून अधिक असलेल्या खेळाडूंचे, प्रत्यक्ष पटावर खेळलेले १९५२ पासूनचे डाव आहेत. दुसऱ्या विभागात खुद्द लिचेसवर खेळल्या गेलेल्या डावांचा अवाढव्य साठा आहे, आणि तो मानांकनाच्या गटांनुसार, वेळेच्या प्रकारांनुसार व काळानुसार गाळून पाहता येतो. तिसरा विभाग एकाच खेळाडूचा असतो. तेथे आपले स्वतःचे डाव पाहता येतात, किंवा पुढच्या फेरीतील प्रतिस्पर्ध्याचे लिचेसवरील नाव ठाऊक असल्यास त्याचेही.

कारो-कान बचावाच्या पहिल्या चाली अशा आहेत : १. ई४ सी६ २. डी४ डी५. होराशियो कारो आणि व्हिएन्नाचा मार्कस कान या दोघांनी १८८६ मध्ये या बचावाचे विश्लेषण प्रसिद्ध केले, म्हणून त्याला ही जोडनावाची ओळख मिळाली. त्याच्या आदल्याच वर्षी, हॅम्बुर्ग येथील स्पर्धेत कान याने जॅक मिझेसला याच बचावाने अवघ्या २४ चालींत हरवले होते. बचावाचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. फ्रेंच बचावात काळा ई६ खेळून डी५ ला आधार देतो, आणि त्यामुळे सी८ वरचा त्याचा उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडला जातो. कारो-कानमध्ये तो आधार सी६ वरून मिळतो, त्यामुळे उंट आधी बाहेर काढून मग ई६ खेळता येते. याची किंमत अशी की पुढे सी५ खेळायचे झाल्यास त्याच प्याद्याला दुसऱ्यांदा चालवावे लागते, म्हणजे एक चाल खर्ची पडते, आणि बी८ वरच्या घोड्याचे सी६ हे स्वाभाविक घरही काही काळ अडलेले राहते. या बचावाचा प्रत्येक प्रकार म्हणजे या देवाणघेवाणीचा वेगवेगळ्या पद्धतीने केलेला हिशेब आहे, आणि हे ध्यानात ठेवून एक्सप्लोरर उघडला तर त्यातील आकड्यांना अर्थ येऊ लागतो.

बहुतेक पुस्तके कारो-कानची ओळख अभिजात प्रकाराने करून देतात : ३. घोडा सी३, प्याद्याने ई४ वर मारणे, ४. घोड्याने परत मारणे, आणि मग ४... उंट एफ५ (क्रमांकापुढील तीन टिंबे म्हणजे ती काळ्याची चाल). मास्टर्स विभाग उघडला तर या क्रमामागचे कारण कळते, कारण तेथे ३. घोडा सी३ आणि ३. ई५ या दोन चाली सर्वांत वर आहेत. पण तीच स्थिती लिचेसच्या विभागात आणून मानांकनाचे मधले गट निवडले की चित्र पालटते. तेथे ३. ई५ आणि ३. प्याद्याने डी५ वर मारणे या दोन चालींचा भरणा असतो, घोडा सी३ त्यांच्या मागे पडतो, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे पुष्कळ डाव तिसऱ्या चालीपर्यंत पोहोचतच नाहीत, कारण पांढरा दुसऱ्याच चालीला डी४ ऐवजी घोडा एफ३, घोडा सी३ किंवा थेट उंट सी४ खेळतो. २. उंट सी४ ही चाल मास्टर्स विभागात जवळजवळ दिसत नाही. नवशिक्या गटांत मात्र ती नेहमीचीच आहे. तिला २... डी५ हे सरळ उत्तर आहे : पांढऱ्याने मारले की सी-प्याद्याने परत मारावे, आणि उंटाला पुन्हा हलावे लागल्याने काळ्याला मध्य आणि वेग दोन्ही मिळतात. जो विद्यार्थी अभिजात प्रकार बाराव्या चालीपर्यंत पाठ करतो आणि या स्थितीत मात्र पाचव्या चालीला विचारात पडतो, त्याच्या तयारीचा क्रम चुकलेला असतो. हा क्रम दुरुस्त करणे ही एक्सप्लोररची सर्वांत मोठी सेवा आहे.

येथे एक काळजी घ्यावी लागते. लिचेसवर नव्या खेळाडूची सुरुवात १५०० मानांकनाने होते आणि तेथील आकडे सर्वसाधारणपणे फिडेच्या आकड्यांपेक्षा चढे असतात, त्यामुळे स्वतःच्या फिडे मानांकनाचाच गट निवडला तर आपण आपल्यापेक्षा कच्च्या खेळाडूंचे डाव पाहत बसतो. त्याचप्रमाणे बुलेट आणि ब्लिट्झचे डाव गाळून रॅपिड व क्लासिकल एवढेच ठेवावेत. दोन-तीन मिनिटांच्या डावांतील चाली सवयीने पडतात, आणि स्पर्धेत समोर बसणारा प्रतिस्पर्धी तसा खेळत नाही.

आता प्रकारांकडे वळू. ३. ई५ हा आगेकूच प्रकार सर्वाधिक भेटणारा असल्याने त्याला सर्वाधिक वेळ द्यावा. काळ्याची पारंपरिक चाल ३... उंट एफ५ ही आहे. क्लबपातळीवर पांढरा पुष्कळदा लगेच ४. उंट डी३ खेळून हा उंट बदलून घेऊ पाहतो, आणि एक्सप्लोररमध्ये ही चाल खालच्या गटांत ठळकपणे दिसते. कान-मिझेस डावात हेच झाले होते, आणि १९२७ मध्ये न्यूयॉर्क येथे निम्झोविचने कापाब्लांकाविरुद्धही असेच केले. दोन्ही डाव काळ्याने जिंकले. कारण समजून घेण्याजोगे आहे. पांढऱ्याची डी४ आणि ई५ ही प्यादी काळ्या घरांवर स्थिरावली आहेत, त्यामुळे पांढऱ्या घरांवरून चालणारा उंट हाच त्याचा चांगला उंट असतो. काळ्याचा मात्र नेमका अडचणीचा उंट या अदलाबदलीत पटावरून जातो. पुढे ई६, वजीर बी६, सी५ आणि घोडा ई७ असा काळ्याचा खेळ सहज उलगडतो. एक्सप्लोररच्या रंगपट्टीवर ही चाल पांढऱ्यासाठी फार वाईट दिसत नाही. पण तिच्यातील धोरणात्मक तोटा आकड्यांत उतरत नाही, तो कापाब्लांकाच्या डावातच पाहावा लागतो. मास्टर्स विभाग १९५२ पासून सुरू होत असल्यामुळे हे दोन्ही डाव तेथे सापडत नाहीत. ते स्वतः मिळवून स्टडीत चिकटवावेत, आणि असे करणे फार सोपे आहे.

याच प्रकारात मिखाइल तालच्या नावाने ओळखली जाणारी ४. एच४ ही चाल आहे, आणि आकड्यांवर डोळे मिटून विश्वास का ठेवू नये हे तिच्यावरून स्पष्ट होते. येथे काळ्याने सवयीने ४... ई६ खेळले की ५. जी४ उंट ई४ ६. एफ३ उंट जी६ ७. एच५ अशी मालिका होऊन उंट चक्क अडकतो आणि मोहरा जातो. लिचेसच्या साठ्यात मात्र ४... ई६ खेळूनही काळा जिंकलेले डाव सापडतात, कारण पांढऱ्याला ती मालिका दिसलेली नसते. केवळ पट्टी पाहणाऱ्याला ही चाल चालण्याजोगी वाटू शकते. म्हणून एखादी चाल निवडण्यापूर्वी तीच स्थिती मास्टर्स विभागात पाहावी, आणि शेजारीच असलेले स्टॉकफिश इंजिन, म्हणजे चालींचे मूल्यमापन करणारी आज्ञावली, क्षणभर चालू करावे, दोन्हींकडून ४... एच५ किंवा ४... एच६ हेच उत्तर येते. पाठोपाठ ४. घोडा एफ३ ई६ ५. उंट ई२ हा नायजेल शॉर्टच्या नावाचा शांत प्रकार शिकावा. त्यात घाईचे डावपेच कमी आणि सी५ कधी खेळायचे याचा विचार अधिक असतो. ज्यांना इतका पसारा नको असेल त्यांनी ३... सी५ या पर्यायाचा विचार करावा. बोट्विनिकने तालविरुद्धच्या १९६१ च्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत तो वापरला होता, आणि अलीकडे त्याला पुन्हा मोठी मागणी आली आहे.

अदलाबदल प्रकार, म्हणजे ३. प्याद्याने डी५ वर मारणे, हा अनेकांना निरुपद्रवी वाटतो. ते पूर्णपणे बरोबर नाही. ४. उंट डी३ घोडा सी६ ५. सी३ घोडा एफ६ ६. उंट एफ४ या क्रमाने पांढरा शांतपणे मांडणी करतो आणि ई५ या घरावर घोडा बसवण्याची स्वप्ने पाहतो. बेलग्रेड येथे १९७० मध्ये झालेल्या सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग या सामन्यात बॉबी फिशरने टिग्रान पेट्रोसियानला याच प्रकारातून हरवले, आणि तेव्हापासून या साध्या दिसणाऱ्या चालीकडे आदराने पाहिले जाऊ लागले. हा डाव मास्टर्स विभागाच्या कालमर्यादेत येतो, आणि प्रत्येक कारो-कान खेळाडूने तो एकदा सावकाश पाहावा. काळ्यासाठी येथे शिकण्याची मुख्य गोष्ट प्याद्यांची रचना ही आहे. वजिराच्या बाजूला पांढऱ्याची तीन आणि काळ्याची दोन प्यादी उरतात, आणि काळ्याने बी-प्यादे बी५ व मग बी४ वर नेऊन पांढऱ्याची साखळी मोडायची असते. वजिराच्या गँबिटच्या अदलाबदल प्रकारात पांढरा जे करतो तेच येथे आरशातल्याप्रमाणे काळा करतो. ही कल्पना एकदा कळली की पुढच्या दहा चाली पाठ करण्याची गरज उरत नाही.

चौथ्या चालीला उंट डी३ ऐवजी सी४ खेळले की पानोव्ह हल्ला सुरू होतो, आणि येथे एक्सप्लोररच्या रचनेतील एक गुण विशेष उपयोगी पडतो. तो चालींच्या क्रमावर नव्हे, तर पटावरील स्थितीवर आधारलेला आहे. ४... घोडा एफ६ ५. घोडा सी३ ई६ ६. घोडा एफ३ उंट बी४ नंतर ७. उंट डी३ आणि सी४ वरील मारामारी झाली की जी स्थिती येते, ती १. डी४ ने सुरू होणाऱ्या निम्झो-इंडियन बचावातूनही येते. त्यामुळे दोन्हीकडून आलेले सगळे डाव एकत्रच समोर येतात. डी४ वर एकाकी उभ्या असलेल्या पांढऱ्या प्याद्याविरुद्ध कसे खेळावे, याचे उत्तम धडे या डावांत आहेत, आणि ते कारो-कानच्या पुस्तकात नेहमीच मिळतात असे नाही.

दोन घोड्यांच्या प्रकाराकडे मी थोडे अधिक लक्ष वेधू इच्छितो, कारण क्रम बदलल्याने काय घडते हे तेथे सर्वांत स्पष्ट दिसते. १. ई४ सी६ २. घोडा सी३ डी५ ३. घोडा एफ३ या स्थितीत, अभिजात प्रकार नुकताच शिकलेला विद्यार्थी प्यादे मारतो, पांढऱ्या घोड्याने परत मारल्यावर ४... उंट एफ५ खेळतो, आणि आपण ओळखीच्या वाटेवर आहोत असे समजतो. पण पांढऱ्याने डी४ वर चाल खर्च केलेली नाही. त्याऐवजी त्याचा घोडा आधीच एफ३ वर आहे. ५. घोडा जी३ उंट जी६ ६. एच४ एच६ ७. घोडा ई५ उंट एच७ ८. वजीर एच५ जी६ ९. उंट सी४ ! येथे काळ्याने वजीर मारला तर उंट एफ७ वर येऊन मात होते, आणि ९... ई६ खेळल्यास वजीर ई२ वर परत जातो. काळ्याचा राजपक्ष खिळखिळा झालेला असतो. म्हणूनच ३... उंट जी४ ही चाल शिकावी. ४. एच३ नंतर काळ्याचा उंट एफ३ वरचा घोडा मारतो, मग काळा ई६ खेळतो, आणि त्याची रचना अतिशय भक्कम राहते. बोट्विनिकने १९५८ मध्ये स्मिस्लोव्हविरुद्धच्या परतीच्या सामन्यातील पहिलाच डाव याच मार्गाने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला आणि पुढे विश्वविजेतेपद परत मिळवले. दोन वर्षांनी तालने त्याच स्थितीत एफ३ वरचा उंट वजिराऐवजी जी-प्याद्याने मारून आपली प्यादी मुद्दाम मोडून घेतली. हे दोन्ही प्रयोग शेजारी शेजारी ठेवून पाहण्यात मोठा आनंद आहे.

३. एफ३ या फँटसी प्रकारासाठी प्यादे मारून ४... ई५ हे उत्तर पुरेसे आहे. पांढऱ्याने लोभाने डी-प्याद्याने ई५ मारले तर वजीर एच४ चा शह त्याच्या उघड्या राजाला महागात पडतो.

आता अभिजात प्रकार, जो पुस्तकांत पहिला येतो आणि माझ्या मते क्लबखेळाडूने शेवटी शिकावा. ४... उंट एफ५ ५. घोडा जी३ उंट जी६ ६. एच४ एच६ ७. घोडा एफ३ घोडा डी७ या चालींपैकी शेवटची सर्वांत महत्त्वाची आहे, कारण ती ई५ हे घर रोखते. दोन घोड्यांच्या प्रकारातील तो सापळा ज्याने समजून घेतला आहे त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. कार्पोव्हच्या आवडीचा ४... घोडा डी७ हा पर्याय अधिक संयमी आहे, पण त्यात दोन खड्डे आहेत. ५. वजीर ई२ ला ५... घोडा जीएफ६ (जी-पट्टीवरचा घोडा एफ६ वर) असे उत्तर दिले तर ६. घोडा डी६ ने तेथेच मात होते, कारण ई७ वरचे प्यादे वजिराच्या माऱ्यामुळे बांधलेले असते. १९५० मध्ये केरेसने आर्लामोव्स्कीला असेच हरवले होते. दुसरा खड्डा इतिहासप्रसिद्ध आहे. ११ मे १९९७ रोजी न्यूयॉर्कमध्ये डीप ब्लू संगणकाविरुद्धच्या निर्णायक सहाव्या डावात, ५. घोडा जी५ घोडा जीएफ६ ६. उंट डी३ ई६ ७. घोडा १एफ३ (पहिल्या रांगेतला घोडा एफ३ वर) या स्थितीत गॅरी कास्पारोव्हने ७... एच६ खेळले, संगणकाने ८. घोड्याने ई६ मारून मोहऱ्याचा बळी दिला, आणि १९ चालींत कास्पारोव्हला शरणागती पत्करावी लागली. आधी ७... उंट डी६ खेळून राजासाठी एफ८ हे घर मोकळे करायचे, आणि मगच एच६ ने घोड्याला विचारायचे, हा योग्य क्रम आहे.

४... घोडा एफ६ ५. घोड्याने मारणे, ई-प्याद्याने परत मारणे, हा टार्टाकोव्हर प्रकार पूर्वी कमी प्रतीचा मानला जाई, कारण काळ्याची एफ-पट्टीवर एकामागे एक अशी दुहेरी प्यादी होतात. मास्टर्स विभागातील कालगाळणी वापरून आधी जुनी वर्षे आणि मग गेली काही वर्षे पाहिली, तर या मताचा उलटलेला काटा डोळ्यांसमोर येतो. लवकर किल्लेकोट करायचा, हत्ती ई८ वर आणून शह द्यायचा आणि एच-प्यादे पुढे ढकलून पांढऱ्याच्या राजाकडे जायचे, या नव्या विचाराने अव्वल खेळाडूंनी तो पुन्हा उचलला. शिकण्यास हा प्रकार सोपा आहे. बहुतेक हौशी खेळाडूंना मी ४... उंट एफ५ पेक्षा हाच सुचवीन.

हे सगळे पाहून झाले की ते लिहून ठेवायचे कोठे, हा प्रश्न येतो, आणि तेथे स्टडी हे दुसरे साधन पुढे येते. एका स्टडीत ६४ प्रकरणे ठेवता येतात. वरील सर्व प्रकारांना एवढी जागा पुरून उरते. प्रत्येक चालीखाली टीप लिहिता येते, बाण काढता येतात, घरे रंगवता येतात, आणि टिपा देवनागरीत लिहिण्यास कोणतीही अडचण येत नाही. माझा आग्रह असा की टीप मराठीतच, स्वतःच्या शब्दांत आणि पूर्ण वाक्यात लिहावी : 'घोडा डी७, कारण ई५ रोखायचे आहे' एवढे एक वाक्य लिहिणाऱ्याला ती चाल विसरता येत नाही. प्रकरणाची मांडणी निवडताना पुढच्या चाली झाकून ठेवण्याची सोय आहे, आणि संवादी पाठाची पद्धत निवडली तर पट पांढऱ्याची चाल खेळतो, काळ्याची चाल आपल्याला शोधावी लागते, आणि चुकीच्या चालीवर आपणच आधी लिहून ठेवलेले स्पष्टीकरण समोर येते. स्टडी खासगी ठेवता येते किंवा दुव्याने दुसऱ्याला देता येते, आणि दोघे एकाच वेळी एकाच पटावर काम करू शकतात. परदेशी राहून महाराष्ट्रातील प्रशिक्षकाकडे शिकणाऱ्या मुलांसाठी ही सोय फार मोलाची आहे.

इतरांनी खुल्या ठेवलेल्या कारो-कानच्या स्टडीही शोधून सापडतात, पण त्यांच्या दर्जाची हमी नाही. काही अत्यंत काळजीपूर्वक केलेल्या असतात. पुष्कळशा म्हणजे इंजिनाच्या चालींची स्पष्टीकरणाविना केलेली रास. दुसऱ्याच्या स्टडीवर स्वतःची तयारी उभी करू नये, असे मी ठामपणे म्हणेन.

लिचेसवर ओपनिंगनुसार कोडी सोडवण्याचा एक विभाग आहे आणि त्यात कारो-कानचे पोटप्रकारही वेगळे निवडता येतात. खऱ्या डावांतून घेतलेली ही कोडी प्रकारातील नेहमीचे डावपेच हाताला बसवतात. त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे लिचेसच्या पत्रव्यवहार डावांत, जेथे एका चालीसाठी दिवस मिळतात, चालू डावातही ओपनिंग एक्सप्लोरर पाहण्याची मुभा आहे. इंजिन मात्र वर्ज्य आहे. इतर कोणत्याही चालू डावात बाहेरची मदत घेणे नियमबाह्य आहे, आणि मुलांना हा फरक पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगावा. दोन-तीन पत्रव्यवहार डाव सुरू करून, प्रत्येक चालीपूर्वी एक्सप्लोरर पाहायचा, मास्टर्सचे चार डाव उघडायचे आणि मगच चाल करायची, या पद्धतीने शिकलेला प्रकार डोक्यात पक्का बसतो.

उणिवाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. शिकलेल्या चालींची ठरावीक अंतराने आपोआप उजळणी करून घेणारी व्यवस्था स्टडीत नाही. चेसेबलसारख्या सेवेचा सगळा भर त्याच गोष्टीवर आहे, आणि ज्याला रोजच्या उजळणीसाठी बाहेरून कोणीतरी आठवण करून द्यावी लागते, त्याला तेथील एखादा सशुल्क अभ्यासक्रम अधिक लाभदायक ठरेल. स्टडीतील चाली पीजीएन या डाव साठवण्याच्या प्रचलित मजकूर-स्वरूपात उतरवून अशा दुसऱ्या साधनात नेता येतात, हा एक दिलासा. एक्सप्लोरर एका स्थितीतील मोजकेच डाव नमुन्यादाखल दाखवतो, त्यामुळे एखाद्या मोठ्या खेळाडूचे त्या प्रकारातील सर्व डाव एकत्र हवे असतील तर वेगळ्या संग्रहाची गरज लागते. संगणकाशी सराव करण्याची सोय आहे, परंतु इंजिन आपल्या गटातील माणसासारखे खेळत नाही. ते उंट सी४ दुसऱ्या चालीला खेळणार नाही आणि आपली चूक झाल्यावर दयाही दाखवणार नाही. लहान फोनच्या पडद्यावर चालींचे झाड, टिपा आणि एक्सप्लोरर एकाच वेळी नीट दिसत नाहीत, म्हणून स्टडी तयार करण्याचे काम संगणकावर करावे आणि फोनचा उपयोग फक्त वाचण्यासाठी ठेवावा.

ज्याला एकही बचाव येत नाही आणि जो अजून मोहरी बाहेर काढण्याची तत्त्वे शिकतो आहे, त्याने या साधनांकडे वळण्याची घाई करू नये; त्याला प्रशिक्षक किंवा एखादे साधे पुस्तक अधिक उपयोगी पडेल. पण ज्याने स्पर्धेत खेळायला सुरुवात केली आहे आणि ज्याला ई४ समोर एक विश्वासाचे उत्तर हवे आहे, त्याने पैसे खर्च करण्यापूर्वी एक्सप्लोररमध्ये आपला गट आणि रॅपिड-क्लासिकल निवडावे, आगेकूच, अदलाबदल आणि दोन घोडे या तीन प्रकारांची प्रत्येकी एक अशी तीन प्रकरणे स्वतः लिहावीत, आणि टार्टाकोव्हर प्रकाराचे चौथे प्रकरण त्यानंतर उघडावे. पुढची स्पर्धा झाली की तिसऱ्या विभागात आपलेच डाव घालून पाहावे की प्रतिस्पर्धी नेमक्या कोणत्या चालीला आपल्या टिपांबाहेर गेले, आणि पाचवे प्रकरण त्या चालीचे करावे.